श्रावणबाळ आणि निराधार : वार्धक्यविषयक शासकीय भाषेची चिकित्सा

वार्धक्याच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन पक्षांत वाटली जाते. एक पक्ष म्हणतो, कुटुंब ढासळले आणि मुले कृतघ्न झाली. दुसरा म्हणतो, शासनाने तरतूद वाढविली पाहिजे. या वादात कोणाची सरशी व्हावी हे ठरविण्यापूर्वी तो ज्या शब्दांत चालतो ते शब्द तपासून पाहणे इष्ट होईल. योजनेचे नाव, अर्जातील रकाना आणि कायद्यातील व्याख्या यांवरच कोणाला किती द्यावयाचे आणि कोणाला परत पाठवावयाचे हे ठरत असते.

'ज्येष्ठ' या शब्दापासून आरंभ करू. 'वृद्ध' हा शब्द बोचतो म्हणून शासनव्यवहारात 'ज्येष्ठ नागरिक' ही संज्ञा रूढ झाली. परंतु पाणिनीच्या सूत्रानुसार तमभाव दाखविताना 'वृद्ध' या शब्दाच्या जागीही 'ज्य' हा आदेश होतो. म्हणजे व्याकरणदृष्ट्या 'ज्येष्ठ' म्हणजे 'सर्वांत वृद्ध'. सौम्य करावयास गेलो आणि परमावधी गाठली! उलट जो 'म्हातारा' शब्द आज अनादराचा वाटतो त्याचे मूळ 'महत्तर', म्हणजे अधिक मोठा, या मानवाचक शब्दात आहे. शिवाय ही ज्येष्ठता कोणत्या वर्षी लाभते याविषयी शासनाचे स्वतःशीच एकमत नाही. २००७ च्या केंद्रीय कायद्यात ती साठाव्या वर्षी लाभते, श्रावणबाळ योजनेत पासष्टाव्या, आणि राज्य परिवहनाच्या गाडीतून विनामूल्य प्रवास करावयाचा तर, २०२२ पासून, पंचाहत्तराव्या वर्षी. हा दोष मात्र किरकोळ आहे. खरी अडचण पुढील दोन शब्दांत आहे.

'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना' या नावातील प्रत्येक पद विचारात पाडणारे आहे. 'निवृत्तीवेतन' म्हणावे तर ज्याला उभ्या आयुष्यात वेतन नव्हते आणि ज्याची कामातून निवृत्ती कधी होत नाही, अशा शेतमजुरालाच ते मिळावयाचे आहे. 'श्रावणबाळ' हे पद तर त्याहून बिकट. वाल्मीकिरामायणात त्या मुनिकुमाराला नाव नाही. 'श्रावण' हे नाव पुढील परंपरेने दिले. पण नाव असो वा नसो, कथेचा गाभा तोच राहतो. अंध मातापित्यांचा हा एकुलता आधार मेला तो राजाच्या बाणाने, आणि त्याच्यामागून मातापितरेही गेली. राजसत्तेने आपल्या योजनेला याच मुलाचे नाव द्यावे, हा योगायोग नामकरण करणाऱ्यांच्या लक्षात आला नसावा. मातृपितृसेवेसाठी प्रत्यक्ष विठ्ठलाला विटेवर तिष्ठत ठेवणारा पुंडलिक महाराष्ट्राला अधिक जवळचा होता. तो का सुचला नाही, कोण जाणे.

नावातील भूमिका तरी शासनाने वठविली आहे काय? या योजनेचे मासिक अर्थसाहाय्य ६०० रुपयांवरून २०१९ मध्ये १,००० व २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले. वाढ झाली हे खरे. परंतु पात्रतेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे कुटुंबाची मिळकत दरमहा १,७५० रुपयांहून अधिक असता कामा नये. एका माणसाला मिळावयाचे साहाय्य वर्षाला १८,००० रुपये, आणि साऱ्या कुटुंबाची उत्पन्नमर्यादा २१,०००! येथे 'कुटुंब' हा शब्द कळीचा आहे. मुलगा एकत्र राहत असेल आणि चार महिने जरी कामावर जात असेल, तरी मर्यादा ओलांडली जाते. तेव्हा म्हाताऱ्या माणसाला दोनच मार्ग उरतात : दाखल्यात खोटे लिहविणे किंवा कागदोपत्री मुलापासून विभक्त होणे. पुत्रभक्तीचे नाव मिरविणारी योजना पुत्र नसल्यासारखे दाखविल्यावाचून हाती लागत नाही. 'निराधार' या संज्ञेचा अर्थ असा कागदावर तयार करून घ्यावा लागतो. (आणि अर्जासोबत 'आधार' जोडावे लागते, हा विनोद तर रोजचाच.)

हे केवळ तर्काचे खेळ नव्हेत, हे पाहावयाचे असल्यास अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पूर्वीचा अहमदनगर, जिल्ह्याकडे वळावे. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्याचे दोन तोंडवळे आहेत. उत्तरेस प्रवरेच्या आणि गोदावरीच्या कालव्यांचा प्रदेश. भंडारदऱ्याचे धरण १९२६ चे, आणि लोणीजवळ प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमाराचा. पूर्वेस व दक्षिणेस पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे अवर्षणप्रवण तालुके. येथील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीस बाहेर पडतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. परततात ती उन्हाळ्याच्या तोंडावर.

या व्यवसायाची भाषा मार्मिक आहे. नवराबायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. एकटा मनुष्य 'अर्धा कोयता'. मुकादमाकडून जी आगाऊ रक्कम मिळते ती 'उचल', आणि ती कोयत्यावर मिळते. जो कोयता धरू शकत नाही त्याचा या हिशेबात अपूर्णांकही होत नाही. तो गावी राहतो. आता ही उचल म्हणजे उत्पन्न की कर्ज? ती हंगामभर तोडणी करून फेडावयाची असते, आणि न फिटल्यास बाकी पुढील हंगामावर चढते. उत्पन्नाच्या दाखल्याच्या रकान्यात तिला जागा कोठे? मुलाच्या हाती उचल आली की आईबाप 'साधार' ठरावयाचे, आणि मुलगा तर सहा महिने गावात नाही. त्याने त्यांना टाकलेले नसते. पण जवळही तो नसतो. 'साधार' आणि 'निराधार' या दोनच कोटी करणाऱ्या परिभाषेत ही तिसरी अवस्था मावत नाही.

मागे राहिलेली म्हातारी माणसे त्या महिन्यांत काय करतात? नातवंडांना शाळेत धाडतात, शेळी, म्हैस, घर पाहतात. मराठीत 'सांभाळणे' हे क्रियापद मूल, गुरे, घर आणि म्हातारी माणसे या सर्वांना चालते. 'सून सासूला सांभाळते' आणि 'सासू नातवंडे सांभाळते' ही दोन्ही वाक्ये या गावांत एकाच वर्षात खरी असतात. शासनाच्या वाक्यात मात्र वृद्ध व्यक्ती नेहमी कर्मस्थानीच येते. २०२१ मध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना मंजूर झाली, हे योग्यच झाले. तिच्यात मुलांचा विचार आहे. मूल गावीच राहिले तर रात्री ते ज्या आजीजवळ निजते तिचा नाही.

राहिला २००७ चा कायदा. त्याच्या मराठी शीर्षकात कोठे 'चरितार्थ', कोठे 'निर्वाह', तर वृत्तपत्रांत 'पालनपोषण' आढळते. पालनपोषण हा शब्द अपत्यासाठी योजावयाचा, तो आईबापांकडे वळविल्याने त्यांचे प्रौढत्वच पुसले जाते. कायदा निरुपयोगी आहे असे नव्हे. प्रांताधिकाऱ्यापुढे वकिलाशिवाय अर्ज करता येतो, दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो, सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मागता येते. जेथे अपत्य समर्थ आहे आणि नाकारते तेथे हे सर्व हवेच. सांभाळ प्रत्यक्ष जिच्या हातून होतो ती सून मात्र अपत्याच्या व्याख्येत नाही. तिला व जावयाला त्यात आणणारे २०१९ चे दुरुस्ती विधेयक लोकसभेची मुदत २०२४ मध्ये संपली तेव्हा व्यपगत झाले. आसामने २०१७ मध्ये कायदा करून आणि लातूर जिल्हा परिषदेने २०२०-२१ मध्ये ठराव करून आईबापांची हेळसांड करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनातून कपात योजिली. आसामात १० टक्के, लातुरात ३०. या उपायांना पगारपत्रक लागते. कोयत्याला ते नाही. पाथर्डीतील एखाद्या वृद्धेने अर्ज केलाच, तर तिचा प्रतिवादी त्या वेळी परप्रांतीच्या फडात असेल, आणि नोटीस आली तर दार उघडावयास घरी तीच असेल.

शब्दांची चिकित्सा करून पोट भरत नाही, रक्कम वाढविणे हाच उपाय, असा आक्षेप येईल. रक्कम वाढावीच. परंतु उत्पन्नमर्यादा आणि 'कुटुंब' ही व्याख्या कायम ठेवून ती १,५०० ची ३,००० केली, तरी आज जी माणसे दाराबाहेर आहेत ती बाहेरच राहतील. यास्तव दाखल्यात कुटुंबाऐवजी अर्जदाराचे व त्याच्या जोडीदाराचे स्वतःचे उत्पन्न मोजावे. मुलाच्या ऐपतीची चौकशी प्रांताधिकाऱ्यापुढे व्हावयाची सोय कायद्याने केलेलीच आहे. तहसील कचेरीत ती दुसऱ्यांदा, आणि आईबापांच्या विरुद्ध, करण्याचे प्रयोजन नाही. तसेच हंगामी स्थलांतराची नोंद ठेवताना कोण गेले याबरोबर मागे कोण राहिले, त्यांचे वय काय आणि त्यांच्या हवाली किती मुले आहेत, हेही लिहून घ्यावे. योजनेचे नाव बदलावे असा आमचा आग्रह नाही.