जुनेर, गोधडी आणि समीक्षेची दृष्टी : गीज बेंडच्या गोधड्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
वापरून विरलेल्या वस्त्रासाठी मराठीत ‘जुनेर’ हा नेमका शब्द आहे. जुनेराचे थर धावदोऱ्याने शिवून गोधडी अथवा वाकळ सिद्ध होते, हा घरोघरीचा अनुभव होय. मात्र गोधडीविषयीचे मराठी लेखन बहुधा मायेच्या उबेपाशी थांबते; तिची रचना आणि ती शिवणाऱ्या स्त्रीचे कर्तृत्व यांचा विचार त्यामानाने कमी होतो. या दृष्टीने अमेरिकेतील गीज बेंडच्या गोधड्यांचे मूल्यमापन कसे झाले, हे तपासणे उद्बोधक ठरते.

गौरव आणि त्याची मर्यादा :
गीज बेंड ही अलाबामा राज्यातील नदीच्या वळणात वसलेली वस्ती. तेथील रहिवासी प्रामुख्याने कापसाच्या मळ्यावरील कृष्णवर्णीय गुलामांचे वंशज असून अनेकांचे ‘पेटवे’ हे आडनावही मळेमालकाचेच आहे. २००२ मध्ये प्रथम ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात व नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात येथील स्त्रियांच्या गोधड्या भिंतीवर प्रदर्शित झाल्या. समीक्षकांनी त्यांची तुलना मातीस आणि पॉल क्ले यांच्या चित्रांशी केली. २००६ मध्ये त्यांवर टपाल तिकिटेही निघाली. कला आणि कारागिरी यांतील उच्चनीचतेला या गौरवाने धक्का दिला, हे मान्य करावयास हवे. परंतु अमूर्त चित्राच्या निकषावर गोधडी वाचली की आकार व रंग तेवढे उरतात आणि कापड गौण ठरते. येथे तर कापडच आशयाचा वाहक आहे.

मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये दिवंगत पतीच्या कामाच्या कपड्यांतून शिवलेली गोधडी याचे ठळक उदाहरण होय. पतीची आठवण राहावी आणि ती पांघरता यावी, हा तिच्यामागील हेतू कन्या आर्लोन्झिया यांनी सांगितला आहे. कामाच्या कपड्यांच्या अशा गोधड्यांत गुडघ्यांवर विटलेला भाग आणि उसवलेल्या खिशाखाली टिकून राहिलेला गडद रंग स्पष्ट दिसतो. ही रंगछटा शिवणारीने निर्माण केलेली नाही. ती श्रमाने निर्माण केली. शिवणारीने तिची जागा ठरविली. या निवडीतच तिची कला आहे.

टंचाई आणि स्वातंत्र्य :
टंचाईतून ही कला आपोआप उपजली, असे मानणेही अपुरे आहे. १९६६ मध्ये या परिसरात ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था स्थापन झाली. बाजारासाठी तेथे ठरावीक नमुने आणि एकसारखी शिलाई आवश्यक होती. १९७२ मध्ये सीअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे शिवण्याचे काम मिळाले. त्या कामातून उरलेल्या तुकड्यांच्या गोधड्या मात्र स्त्रियांनी घरी स्वतःच्या मनाजोगत्या शिवल्या. मधल्या तुकड्याभोवती पट्ट्या जोडत जाणारी ‘हाउसटॉप’ ही पारंपरिक रचना त्यांनी हवी तशी वाकविली. हात तेच आणि कापडही तेच; फरक होता तो निर्णयाच्या अधिकाराचा. म्हणूनच या कलेचे मूळ केवळ अभावात न शोधता त्या अधिकारात शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

हा अधिकार गोधडी घराबाहेर पडल्यावर कोणाकडे राहतो, हा प्रश्नही पुढे आला. २००७ मध्ये काही गोधडीकार स्त्रियांनी मोबदला व हक्कांबाबत संग्राहकांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. २००८ मध्ये ते दावे निकाली निघाले. संग्रहालयाच्या भिंतीवर नाव लागले, तरी श्रेयाचा प्रश्न सुटतोच असे नाही.

समारोप :
गीज बेंडच्या समीक्षेत कापड मागे पडले, तर मराठीतील भावुक गौरवात शिवणारी मागे पडते. गोधडी हे मायेचे प्रतीक आहेच. पण कोणाचे लुगडे मध्यभागी घ्यावयाचे आणि कोणाचे धोतर अस्तराला लावावयाचे, हे कोणीतरी विचारपूर्वक ठरविलेले असते. ते ठरविणारीचे नाव आणि त्या जुनेराचा पूर्वेतिहास यांची नोंद झाल्याशिवाय गोधडीची समीक्षा पूर्ण होणार नाही.