दोन रेघांची आकृती

लघुलहरी रेडिओ समजावून देणाऱ्या पुस्तकांत एक आकृती हमखास आढळते. खाली पृथ्वीची रेघ, वर आयनांबराची रेघ आणि त्या दोहोंमध्ये कॅरमच्या सोंगटीसारखा आपटत जाणारा किरण. फळ्यावर ती झटकन काढता येते, हे खरे. पण ‘रात्री लांबची स्टेशने जास्त का लागतात?’ असे विचारणाऱ्या मुलाला तिच्यात उत्तर सापडत नाही, ही आमची मुख्य तक्रार आहे.

वर आरसा नाहीच. उंचीबरोबर मोकळ्या इलेक्ट्रॉनांची घनता वाढत जाते आणि मृगजळातल्या प्रकाशाप्रमाणे लहर हळूहळू वळून खाली येते. वारंवारता फार वाढवली, तर ती पुरेशी न वळता अवकाशात निसटते. तेव्हा वरची रेघ पुसावी आणि खडू आडवा धरून एक जाड, पुसट पट्टा काढावा.

या आकृतीशेजारी मार्कोनीचा १९०१ सालचा अटलांटिकपार संदेश छापण्याची प्रथा आहे. उदाहरण चुकीचे निवडले आहे. ती लहर लघुलहर नव्हती, वेळ दिवसाची होती आणि संदेश खरोखर ऐकू आला का, याबद्दल जाणकारांत शंका आहे. त्यापेक्षा फेब्रुवारी १९०२ मधला ‘फिलाडेल्फिया’ जहाजावरचा त्याचाच प्रयोग द्यावा. इंग्लंडमधील केंद्राचे संकेत दिवसा सुमारे ११०० कि.मी.पर्यंत, तर रात्री ३३०० कि.मी.हून दूर मिळाले! उन्हामुळे खाली ‘डी’ थर तयार होतो. तेथे इलेक्ट्रॉन हवेच्या रेणूंवर आदळून लहरीची ऊर्जा वाया घालवतात. रात्री हा थर जवळजवळ नाहीसा होतो.

खालची रेघही फसवीच. खारे पाणी उत्तम वीजवाहक असल्याने कोरड्या जमिनीपेक्षा तेथे लहरीची ऊर्जा कमी खर्च होते. पण समुद्र सपाट नसतो. १९५५ साली न्यूझीलंडमध्ये क्रॉम्बी यांनी १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींचा समुद्रावरून येणारा प्रतिध्वनी तपासला. त्याची वारंवारता सुमारे ०.३८ हर्ट्झने सरकलेली होती. रेडिओलहर २२ मीटरांची; तिच्या निम्म्या, म्हणजे ११ मीटर लांबीच्या लाटांवरून विखुरलेल्या लहरीच परतताना एकमेकींना बळ देतात. खोल पाण्यात अशा लाटेचा वेग सेकंदाला ४.१५ मीटर असतो. वेगाची दुप्पट भागिले २२: बारावीच्या मुलांनी स्वतः करून पाहावे. किनाऱ्यावरची रडारे आज याच तत्त्वाने सागरी प्रवाह मोजतात, भारतातसुद्धा.