मुलूखगिरीचा हिशेब

'मुलूखगिरी' हा शब्द आज आपण कौतुकाने वापरतो. सुट्टीत चार गावे हिंडून आलेला गृहस्थही मुलूखगिरी करून आलो म्हणतो. मुळात मात्र दुसऱ्याच्या मुलखात फौज घालून खंडणी वसूल करणे, असा या शब्दाचा अर्थ होता. अंगावर आलेले युद्ध वेगळे आणि आपण होऊन ओढवून घेतलेले युद्ध वेगळे. आपल्या युद्धविषयक वाङ्मयाने हा भेद फारसा केलेला नाही, ही माझी तक्रार आहे.

खर्ड्याची लढाई घ्या. ११ मार्च १७९५ रोजी निजामाकडच्या थकलेल्या चौथाईपायी ती झाली. लढाई थोडी, जयघोष मोठा! अनंत फंदीसारख्या शाहिरांनी ती गायिली. शाहिराला मी दोष देत नाही. श्रोत्यांपुढे विजय उभा करणे हे त्याचे कामच होते. परंतु त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, १ जून १७९३ रोजी, राजस्थानात लाखेरीला शिंदे व होळकर यांच्या फौजांनी एकमेकींची कत्तल केली होती. खर्ड्याच्या जयघोषात ही जखम झाकली गेली, भरली नाही. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे व पेशवे यांचा मोड केला. बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबरला वसईच्या तहाने इंग्रजांचे आश्रित झाले. पुढल्या वर्षी शिंदे-भोसले इंग्रजांशी लढले तेव्हा होळकर बाजूला राहिले. पानिपत आपल्याला पाठ आहे. लाखेरीचे नाव किती वाचकांनी ऐकले असेल?

या सगळ्याचा हिशेब पाहायचा तर ग्वाल्हेरला जावे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचेच शहर झाले. शहराचे नाव 'लष्कर'! त्याआधी, १८०९ साली, ही छावणी राजपुतान्यात खंडणीसाठी फिरत होती. इंग्रज रेसिडेंटाच्या रक्षकदलाचा अधिकारी ब्रॉटन याने तेव्हा लिहिलेली पत्रे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. कंपनीच्या माणसाची नजर कलुषित असणार, हे धरूनच ती वाचावीत. तरीही पोवाड्यात न सापडणारी माणसे तेथे भेटतात. पगार थकला म्हणून धरणे धरणारे शिपाई भेटतात. कर्जापायी कैदेत पडलेल्या भावाला सोडवण्यासाठी पुरुषवेषात शिपाईगिरी करणारी एक तरुणीही भेटते.

या पत्रांतून एक चक्र ध्यानात येते. मोहिमेसाठी फौज ठेवायची, फौजेचा पगार थकायचा आणि तो भागवण्यासाठी पुन्हा नवी मोहीम काढायची. ज्या मुलखातून फौज जाई त्याची वैरण, धान्य आणि अब्रू जाई. आणि तेथली रयतच पुढे आपल्याविरुद्ध उभी राही. सर्वच मोहिमा टाळता आल्या असत्या, असे माझे म्हणणे नाही. ज्या टाळता आल्या असत्या त्यांची किंमत टाळ्या वाजवणाऱ्यांनी क्वचितच मोजली, एवढेच मी म्हणतो.

हे केवळ जुन्या काळचे नाही. २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर चाल केली तेव्हा तिथले बहुमत युद्धाच्या बाजूने होते. शवपेट्या घरी येऊ लागल्यावर काही वर्षांतच ते उलटले. लोकमत युद्धाआधी विचार करीत नाही, नंतर करते. वाङ्मयाने निदान हा उशीर कमी करावा.

विश्वास पाटलांच्या 'पानिपत' (१९८८) नंतर पराभवाकडे उघड्या डोळ्यांनी पाहण्याची सवय मराठी वाचकाला लागली, हे मोठेच काम झाले. आता विजयाकडेही तसेच पाहणारी कादंबरी हवी. खर्ड्याहून परतलेल्या, पगार न मिळालेल्या एखाद्या शिपायाच्या घरातून ती सुरू व्हावी.

आपल्या सीमाभागात हा प्रश्न पुस्तकी नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात आहे. माझ्या शाळेतली मुले दहावी-बारावी होताच भरतीसाठी पहाटे धावू लागतात. त्यांच्या शौर्याविषयी मला शंका नाही. म्हणूनच वर्गात लढाई शिकवताना सनावळीबरोबर दोन प्रश्न फळ्यावर लिहावेत, अशी माझी शिक्षक बंधुभगिनींना विनंती आहे: ही लढाई टाळता आली असती काय? आणि तिचा पगार कोणी चुकता केला?