दीर्घ ड्रमवादन : वैयक्तिक रुची आणि लयीचे निकष
(त्रिलोक गुर्टू यांच्या वादनाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
जॅझ आणि प्रोग्रेसिव्ह रॉक या संगीतप्रकारांविषयी मराठी रसिक बहुधा दोन टोकांवरून बोलतो. एका टोकाला या संगीतास ‘धांगडधिंगा’ ठरवणारी नापसंती असते, तर दुसऱ्या टोकाला चिकित्सेची गरजच न मानणारी भक्ती. दीर्घ एकल ड्रमवादनाच्या बाबतीत हा दुभंग अधिक ठळक होतो. सहवादक थांबतात आणि एकटा ड्रमवादक दहा-वीस मिनिटे वाजवत राहतो. याला कोणी कसरत म्हणतो, कोणी साधना म्हणतो आणि चर्चा ‘ज्याची त्याची आवड’ या वाक्यापाशी संपते. आवड ही आस्वादाची सुरुवात असते. तिलाच अंतिम निर्णय मानले तर समीक्षेला काम उरत नाही. दीर्घ ड्रमवादनाचे मूल्यमापन करण्यास उपयुक्त ठरेल असा निकष भारतीय लयविचारातून मिळू शकतो का, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मर्ढेकरांचा लयविचार :
बा. सी. मर्ढेकर यांनी आपल्या सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे मांडली. कलाकृतीतील घटक परस्परांशी कोणत्या संबंधांनी बांधले जातात, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय. हा विचार तालवाद्यांना लावल्यास प्रश्न नेमका होतो. वादकाने किती आघात केले किंवा किती वेगाने केले, याला दुय्यम महत्त्व उरते. एक आघात दुसऱ्याशी कोणत्या नात्याने जोडला गेला आणि ते नाते श्रोत्याला जाणवले का, हे महत्त्वाचे ठरते. वेग मोजता येतो; परंतु संबंध जाणवावे लागतात. संबंध जाणवण्यासाठी श्रोत्याच्या मनात काळाची एखादी चौकट जागी असावी लागते.

एकल तबलावादनाचा दाखला :
एकल तबलावादनाने ही अट शतकाहून अधिक काळ पाळली आहे. पेशकार, कायदा, रेला, गत, तुकडा, चक्रदार अशा क्रमाने वादन तासभर चालले तरी सारंगीवरील किंवा संवादिनीवरील लेहरा अखंड सुरू असतो. लेहऱ्याची सुरावट साधी असते आणि ती मुद्दाम तशी ठेवलेली असते. तिच्यामुळे सम कोठे आहे हे श्रोत्यास सतत ठाऊक राहते. वादक त्या चौकटीशी कधी जुळवून घेतो, कधी तिच्याविरुद्ध जातो आणि तिहाईने समेवर येतो. समेवर मिळणारी दाद ही हातांच्या तयारीला असते, तशीच श्रोत्याने स्वतः धरलेल्या हिशेबालाही असते. वादनापूर्वी बोल म्हणून दाखवण्याची पढंतीची प्रथाही याच हेतूने येते. रचना आधी कानावर पडल्यामुळे श्रोता वादनात सहभागी होतो.

जॅझ व रॉकमधील उदाहरणे :
पाश्चात्त्य परंपरेतील काही उत्तम वादने याच तत्त्वावर उभी आहेत. डेव्ह ब्रुबेक यांच्या चमूने १९५९ साली ध्वनिमुद्रित केलेल्या ‘टेक फाइव्ह’मध्ये जो मोरेलो यांचे ड्रमवादन सुरू असताना पियानोवरील पाच मात्रांची आकृती थांबत नाही. तिचे कार्य लेहऱ्याचेच आहे. मॅक्स रोच यांनी ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’ (१९६६) या रचनेत सहवादकाचीही गरज ठेवली नाही. त्यांचे पाय तीन मात्रांचा आवर्त धरून ठेवतात आणि हात त्यावर रचना करतात. एकाच देहातून लेहरा आणि वादन दोन्ही निर्माण होतात. किंग क्रिमसनच्या ‘इनडिसिप्लिन’ (१९८१) या रचनेत सहवादकांनी धरलेल्या आकृतीला बिल ब्रुफर्ड यांचे ड्रम सतत छेद देतात. मर्ढेकरांच्या परिभाषेत हा विरोधलयीचा नमुना म्हणता येईल.

लेड झेपलिनच्या ‘मोबी डिक’ची (१९६९) गोष्ट वेगळी आहे. तेथे गिटारवरील आकृती आरंभी व अखेरीस येते. मधल्या भागात जॉन बोनम एकटे असतात. प्रत्यक्ष मैफलींत हे वादन वीस मिनिटांपलीकडेही जात असे. आरंभीची आकृती परत येणार ही अपेक्षा तेवढी शिल्लक असते. मात्र वादन जसजसे लांबते तसतशी ती क्षीण होत जाते. अशा वेळी श्रोता रचनेऐवजी वादकाच्या दमसासाला टाळी देतो.

कोल्हापूरचा वारसा आणि त्रिलोक गुर्टू :
या दोन परंपरांचा सांधा पाहण्यासाठी त्रिलोक गुर्टू यांचे उदाहरण महत्त्वाचे आहे आणि त्याची एक मुळी कोल्हापुरात पोहोचते. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँ यांचे वास्तव्य कोल्हापुरात झाले आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी येथे रुजली. त्यांचे पुत्र भुर्जीखाँ यांच्याकडे मेनकाबाई शिरोडकर शिकत असताना त्यांची कन्या भानुमती हिलाही बालवयात तालीम मिळाली. हीच भानुमती पुढे ठुमरी-दादऱ्यासाठी ख्यातकीर्त झालेल्या शोभा गुर्टू (१९२५-२००४). त्रिलोक (जन्म १९५१) हे त्यांचे पुत्र. त्यांनी तबल्याची तालीम घेतली, पुढे जॅझमध्ये प्रवेश केला, १९८० च्या दशकात ‘ओरेगॉन’ या चमूत आणि नंतर जॉन मॅक्लॉक्लिन यांच्या त्रयीत वादन केले. १९८८ च्या ‘उसफ्रेट’ या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत शोभाताईंचा आवाज आहे.

जयपूर गायकीत स्वराकृती विलंबित लयीतही मात्रांशी घट्ट बांधलेली असते. त्रिलोक यांनी ड्रमवादन या गायकीतून घेतले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तथापि लयीला केवळ आधार न मानता रचनेचे अंग मानणारी दृष्टी त्यांच्या घरात दोन पिढ्या नांदत होती, हे नाकारता येत नाही.

जमिनीलगत मांडलेला ड्रमसंच, त्यातच तबला आणि पाण्याने भरलेली बादली अशी त्यांची मांडणी असते. मॅक्लॉक्लिन यांच्या त्रयीत लेहरा धरणारे वाद्य नेहमीच नसते. परंतु तोंडी बोलांची देवाणघेवाण असते. येथे लेहऱ्याचे काम पढंत करते. बोल ऐकलेला परदेशी श्रोताही पुढील आघातांचे नाते ओळखू लागतो. लांबी सुसह्य होते ती यामुळे. उलट झांज पाण्यात बुडवून तिचा नाद वाकवण्याची क्रिया दुधारी आहे. तो वाकलेला नाद लयीच्या ओघात विसावला तर मींडेसारखा भासतो; नुसताच ऐकवला तर नवलापुरता उरतो.

एक आक्षेप :
हा निकष सार्वत्रिक आहे का, असा आक्षेप संभवतो. अल्बर्ट आयलर यांच्या ‘स्पिरिच्युअल युनिटी’मध्ये (१९६४) सनी मरे यांचे ड्रम मोजता येईल असा ठेका जाणीवपूर्वक टाळतात. तेथे सम शोधणे हा श्रोत्याचा अन्याय ठरेल. या संगीतात एकसंधता नादाच्या घनतेतून आणि सहवादकांच्या परस्परप्रतिसादातून येते. म्हणून निकषाचे मूळ संबंधांच्या जाणिवेत शोधावे लागते. आवर्तन हा ती जाणीव देणारा एक मार्ग आहे, एकमेव नव्हे.

निष्कर्ष :
१. दीर्घ ड्रमवादनाची लांबी हा स्वतंत्र गुण नाही आणि दोषही नाही. श्रोत्याच्या मनातील काळाची चौकट किती काळ जागी राहते यावर तिचे समर्थन अवलंबून असते.
२. लेहरा, पियानोची आकृती, पायांचा ठेका आणि पढंत ही एकाच गरजेची निरनिराळी उत्तरे आहेत.
३. आवर्तनमुक्त वादनाला हा निकष जसाच्या तसा लावता येत नाही. तेथे घटकांमधील अन्य संबंध तपासावे लागतात.
४. तालवाद्यांना केवळ साथीची वाद्ये मानण्याची सवय सोडल्याशिवाय त्यांची समीक्षा संभवत नाही. तबल्याच्या समेवर दाद देणाऱ्या रसिकाजवळ जॅझमधील ड्रमवादन जोखण्याची साधने आधीच आहेत. ती वापरून एखादे वादन त्याने नापसंत केले, तरी त्या नापसंतीला कारण असेल. आणि कारण असलेल्या मतभेदातूनच समीक्षा पुढे जाते.