षडंग आणि शिए हो याची सहा तत्त्वे : एका समीकरणाची परीक्षा

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची चर्चा करताना चिनी चित्रकलेचा दाखला देण्याचा प्रघात जुना आहे. त्याचा आधार मात्र बव्हंशी एका संख्येचा आहे. ‘कामसूत्रा’वरील ‘जयमंगला’ टीकेत यशोधराने रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य व वर्णिकाभंग अशी चित्राची सहा अंगे दिली आहेत. चीनमध्ये सहाव्या शतकाच्या सुमारास शिए हो यानेही सहाच तत्त्वे सांगितली. अवनींद्रनाथ ठाकुरांनी ही दोन षट्के शेजारी ठेवली. टीका तेराव्या शतकातील मानली जाते, हा कालभेद तूर्त बाजूस ठेवला तरी शब्दांचा प्रश्न उरतोच.

रंगयोजना व वस्तूचे रूप यांबाबत दोन्ही याद्या जुळतात, यात नवल नाही. कोणत्याही देशीच्या चितार्‍याला या गोष्टी सांगाव्याच लागतात. खरा भेद शिए होच्या दुसर्‍या तत्त्वात आहे. तेथे कुंचल्याच्या फटकार्‍यातील ‘अस्थी’, म्हणजे रेषेचे अंगभूत बळ, अभिप्रेत आहे. षडंगात याला जोड नाही. ती मिळावी म्हणून ‘वर्णिकाभंगा’त कुंचला शिरविला जातो; परंतु वर्णिका म्हणजे प्राधान्याने रंगद्रव्य, आणि भंग म्हणजे त्याचा विभाग. कुंचला आला तो इंग्रजी भाषांतरातून.

चिनी भाषेत लिहिण्याच्या व चितारण्याच्या साधनास शब्द एकच. मराठीत लेखणी वेगळी, कुंचला वेगळा. काजळी व सरस यांची शाई रेशमावर वा कागदावर उतरली की ती पुसता येत नाही. अजिंठ्यात मातीच्या गिलाव्यावर आधी गेरूची रेषा, मग रंग, आणि शेवटी पुन्हा बाह्यरेषा; दुरुस्तीस तेथे वाव आहे. अर्थात तुलना करावयाचीच तर भिंतीशी भिंतीची करावी. तुन्-ह्वांग येथील लेण्यांतही मातीचाच गिलावा आहे, आणि अजिंठ्याचे खरे सगोत्र तेथे शोधावयाचे. गुंडाळीवरील शाईचित्रे या वादात साक्षीदार म्हणून अपुरी पडतात.

शिए होचे सहावे तत्त्व प्रतिकृतीद्वारा परंपरा पुढे नेण्याचे आहे. षडंगात त्याचा मागमूसही नाही. कू काय्-चृ याच्या नावावरील जुने चित्रही आज उत्तरकालीन प्रतीच्या रूपातच ज्ञात आहे. अजिंठ्याच्या प्रती ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थी यांनी 1872 ते 1885 या काळात केल्या, त्या नोंदीसाठी. आणि त्यांपैकी कित्येक 1885 मध्ये लंडनमधील आगीत जळाल्या.