धूर खरा, फोटो खोटा

मागच्या वर्षी आमच्या विभागाच्या फोटो स्पर्धेत मला दुसरं बक्षीस मिळालं. नियम कडक होते: क्रॉप चालेल, ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट बदलायचा तर पूर्ण चित्रावर, बाकी काही नाही. मागितली तर रॉ फाइल दाखवायची. मी एकही नियम मोडला नाही. तरीही आज मला त्या फोटोची समीक्षा करायची आहे, कारण तो फोटो वाईट आहे. का वाईट आहे, हे तुम्हाला संशोधनाला लागण्याआधी कळलेलं बरं.

आधी फोटो कसा काढला ते सांगते. कोनिकल फ्लास्कमध्ये कोमट पाणी आणि थोडा निळा रंग. सॅम्पलच्या पार्सलमधून उरलेल्या ड्राय आइसचे दोन तुकडे, जाड हातमोजे घालून आत टाकले. खिडकी उघडी ठेवली, कारण बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो. फ्लास्कला बूच अजिबात नाही, दाब वाढून काच फुटू शकते. मागे काळं कापड, प्रकाश कडेने. धूर समोरून उजळला तर सपाट दिसतो, कडेने किंवा मागून उजळला की उठून दिसतो. फ्लास्क हॉट प्लेटवर ठेवला, प्लेट बंदच होती. खाली ओळ लिहिली: ‘अभिक्रियेचा क्षण’.

प्रदर्शनात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी बराच वेळ फोटोसमोर उभी होती. मग म्हणाली, “ताई, फ्लास्क हॉट प्लेटवर आहे ना? मग वाफ खाली का येतेय?”

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायची लाज वाटली.

तिने बरोबर पकडलं होतं. गरम पाण्याची वाफ वर जाते. ड्राय आइस उणे 78.5 अंश सेल्सिअसला थेट वायू होतो. हा वायू थंड असतो आणि हवेपेक्षा जडही. तो स्वतः दिसत नाही. आपल्याला पांढरं दिसतं ते त्याच्या गारव्याने तयार झालेलं पाण्याच्या थेंबांचं धुकं, आणि ते वायूबरोबर काठावरून खाली ओघळतं. म्हणजे माझ्या फोटोत ना धूर होता, ना उष्णता, ना अभिक्रिया. होता तो एक भौतिक बदल, आणि खाली एक खोटी ओळ. सॉफ्टवेअरमध्ये मी काहीच केलं नव्हतं. जे करायचं ते कॅमेऱ्यासमोर करून मोकळी झाले होते.

तिसऱ्या क्रमांकाचा फोटो बघा. एक उदबत्ती, काळी पार्श्वभूमी, आणि ओळ एवढीच: ‘उदबत्तीचा धूर, पंखा बंद’. धूर आधी सरळ दोरीसारखा वर जातो, मग डुलतो, मग विस्कटतो. शिस्तीत वाहणारा प्रवाह खवळतो कसा, हे एका चौकटीत दिसतं. टोकापाशी धूर निळसर आहे, कारण ताज्या धुराचे कण इतके बारीक असतात की निळा प्रकाश जास्त विखुरतात. तो निळा रंग धुराचाच होता. माझा निळा बाटलीतून आला होता. परीक्षकांना माझा फोटो ‘नाट्यमय’ वाटला. मला विचाराल तर क्रमांक उलटे हवे होते.

आता कोणी म्हणेल, म्हणजे मांडणी केली की फोटो खोटा? नाही. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने 1899 ते 1901 या काळात धुराची यंत्रं बांधली. काचेच्या कपाटात बारीक नळ्यांतून धुराच्या समांतर रेषा सोडायच्या, वाटेत एखादा अडथळा ठेवायचा आणि फ्लॅशने फोटो घ्यायचा. ही मांडणी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कृत्रिम होती. पण मारे ती लपवत नाही. धुराला वेग मोजता यावा म्हणून त्याने नळ्या सेकंदाला 10 वेळा हलवल्या, म्हणजे रेषांवर लाटा उमटतात. शेजारी मोजपट्टी ठेवली की त्या लाटांवरून वेग काढता येतो. ते फोटो सुंदर आहेत, पण सौंदर्य त्या मोजणीतूनच आलेलं आहे. मांडणीमुळे हवा जास्त दिसते. माझ्या मांडणीमुळे खरं काय घडतंय ते कमी दिसत होतं.

संशोधनातही हेच आहे. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ने 2002 पासून स्वीकारलेल्या लेखांमधली चित्रं तपासायला सुरुवात केली. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टचा बदल पूर्ण चित्रावर असावा, हा तिथला नियम आमच्या स्पर्धेसारखाच. नियम हवाच. पण तो फक्त फाइल तपासतो. सॅम्पल कुठलं होतं, कंट्रोल कुठे आहे, दहा चित्रांतून हेच का निवडलं, हे फाइलमध्ये नसतं. ते आकृतीखालच्या ओळीत आणि पद्धतीच्या भागात तुम्हीच लिहायचं असतं. म्हणून आकृती बघताना ‘एडिट केली का?’ यावर थांबू नका. ‘कॅमेऱ्यासमोर काय ठेवलं होतं, आणि ते सांगितलंय का?’ हेही विचारा.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. आयोजकांना लिहून ओळ बदलून घेतली: ‘कोमट पाण्यात ड्राय आइस, निळा रंग घातलेला, हॉट प्लेट बंद’. बक्षीस परत घेऊ का, असं त्यांनी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. तेवढं अजून खटकतं.

नवी ओळ वाचून फोटो कमी नाट्यमय वाटतो. पण आता त्यातलं धुकं खाली का येतंय, हे बघणाऱ्याला कळतं.