आवडलं, पण समजलं का? व्हीआरबद्दल विद्यार्थ्यांची मतं मोजताना

सिनॉप्सिससाठी विषय शोधणाऱ्यांच्या यादीत सध्या एक शीर्षक हमखास दिसतं: 'विद्यापीठीय विद्यार्थ्यांचा व्हर्च्युअल रिॲलिटी अध्ययन साहित्याविषयीचा दृष्टिकोन'. काम सुटसुटीत वाटतं. हेडसेट मिळवायचा, वर्गाला वीस मिनिटं दाखवायचा, पाच पर्यायांची प्रश्नावली भरून घ्यायची, सरासरी काढायची. निष्कर्ष: दृष्टिकोन सकारात्मक. हा निष्कर्ष खोटा नसतो. माझी तक्रार वेगळी आहे. त्यानंतर शेवटच्या प्रकरणात 'म्हणून महाविद्यालयांनी व्हीआर वापरावं' अशी शिफारस येते, आणि ती शिफारस त्या डेटातून निघतच नाही.

का निघत नाही, ते एका पेपरवरून बघू. माक्रान्स्की, टर्किल्डसेन आणि मेयर यांचा हा पेपर 2019 मध्ये 'लर्निंग अँड इन्स्ट्रक्शन' या नियतकालिकात आला. 52 विद्यापीठीय विद्यार्थी, प्रयोगशाळेतल्या कामाचं एकच सिम्युलेशन, दोन माध्यमं: साधा संगणकाचा पडदा आणि डोक्यावरचा हेडसेट. हेडसेटमध्ये 'आपण खरंच तिथे आहोत' ही भावना कितीतरी जास्त नोंदवली गेली (d = 1.30). पण चाचणीत हेडसेटवाले मागे पडले (d = 0.80). d म्हणजे दोन सरासऱ्यांमधला फरक प्रमाण विचलनाच्या पटीत सांगणारा आकडा, 0.80 हा साधारणपणे मोठा फरक समजतात. ईईजीवरून मोजलेला मेंदूवरचा भारही हेडसेटमध्ये जास्त होता.

आता कल्पना करा की या संशोधकांनी चाचणी घेतलीच नसती, फक्त अनुभव कसा वाटला तेवढंच विचारलं असतं. पेपर व्हीआरच्या बाजूने छापून आला असता. तीच मुलं, तेच सिम्युलेशन, आणि निष्कर्ष उलटा!

म्हणून हा पेपर डोळे झाकून स्वीकारायचा का? नाही. 52 हा नमुना लहान आहे आणि सिम्युलेशन एकच आहे. ईईजी भार दाखवतो, पण तो भार विषय अवघड असल्यामुळे आला की आजूबाजूचं बघण्यात मन गुंतल्यामुळे, हे तो स्वतःहून सांगत नाही. तो अर्थ संशोधकांनी लावलेला आहे. पटण्यासारखा आहे, पण आहे अर्थच. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये 'व्हीआरने शिकणं कमी होतं असं सिद्ध झालं' असं एका ओळीत लिहून मोकळे होऊ नका.

पॅराँग आणि मेयर यांचा 2018 चा पेपर याच्या जोडीला वाचाच. तिथे शरीरातल्या रक्तप्रवाहावरचा धडा एका गटाने व्हीआरमध्ये, दुसऱ्याने साध्या स्लाइडवर पाहिला. व्हीआरवाल्यांनी रस आणि उत्साह जास्त नोंदवला, गुण स्लाइडवाल्यांना जास्त. पण मला त्यांचा दुसरा प्रयोग महत्त्वाचा वाटतो. व्हीआरचा धडा तुकड्यांत दाखवला आणि प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्यांना सारांश लिहायला लावला, तेव्हा शिकणं सुधारलं आणि उत्साहही कमी झाला नाही. म्हणजे हेडसेट तोच, फरक पडला तो शिकवण्याच्या रीतीमुळे. रिचर्ड क्लार्क 1983 पासून हेच सांगत होते: माध्यम हा माल पोचवणारा ट्रक आहे, पोषण मालात असतं. (क्लार्क यांच्याशी भांडणारेही बरेच आहेत, तो वाद वेगळा वाचण्यासारखा आहे.)

आणि 'मला समजलं' या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न फक्त व्हीआरपुरता नाही. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये पेपर लिहिला. स्वतः गणितं सोडवायला लावणाऱ्या वर्गात विद्यार्थी जास्त शिकले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. छान व्याख्यान ऐकणाऱ्यांचं उलट. डोक्याला त्रास झाला की 'जमत नाहीये' असं वाटतं, आणि सगळं गुळगुळीत गेलं की 'समजलं'.

मग मतं विचारायचीच नाहीत? असं मी म्हणत नाही. काही गोष्टी विद्यार्थ्याशिवाय कुणी सांगूच शकत नाही. डोकं गरगरलं का, चष्म्यावर हेडसेट बसला का, इंग्रजी निवेदनाचा वेग झेपला का, वर्गासमोर हात हवेत हलवताना अवघडल्यासारखं झालं का. मळमळ, डोळ्यांवरचा ताण यांसाठी 1993 पासून 16 लक्षणांची प्रमाणित प्रश्नावली उपलब्ध आहे. आपल्याकडे मात्र हा भाग 'काही अडचण आली का? होय/नाही' यात उरकतात. अशा प्रश्नांवर मत हाच खरा पुरावा असतो. 'व्हीआरमुळे माझी संकल्पना स्पष्ट झाली' या विधानावर मिळालेलं 'पूर्णपणे सहमत' हा संकल्पना स्पष्ट झाल्याचा पुरावा नसतो. क्रॉनबॅक अल्फा 0.90 आला तरी नसतो. अल्फा विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगतो, ती काय मोजतात ते नाही. आरआरसीसमोर गाईड मदतीला येतीलच असं नाही, तेव्हा हा फरक आपल्याला नीट मांडता यायला हवा.

एक बारीक पण वारंवार दिसणारा घोळ: आयआयटींनी आणि पुण्याच्या सीओईपीसारख्या संस्थांनी चालवलेल्या 'व्हर्च्युअल लॅब्स' ब्राउझरमध्ये संगणकाच्या पडद्यावर वापरतात. त्यांवरचं संशोधन आणि हेडसेटवरचं संशोधन एकाच परिच्छेदात मिसळू नका. वरच्या पहिल्या पेपरमध्ये नेमकी याच दोन माध्यमांची तुलना आहे.

काम करणारच असाल तर पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, आणि शक्य झाल्यास दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक चाचणी ठेवा. मतं पहिल्या वापरानंतर आणि चौथ्या वापरानंतर अशी दोनदा घ्या, कारण पहिल्या दिवशी नवलाईच बोलत असते. आणि साठ मुलांच्या वर्गात हेडसेट दोनच असतील, तर पाचव्या नंबरची मुलगी आधीच्या चौघांच्या किंकाळ्या ऐकून आणि त्यांना प्रश्न विचारून आत जाते. तिचा नंबर कितवा होता आणि तिला किती मिनिटं मिळाली, याचे दोन रकाने डेटाशीटमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर ते कुणाला आठवत नाही.